मागची पानं बसून ऐकायची

सोमवार, ६ जानेवारी

सामान पोहोचलं. कपाट सकाळी आलं, त्याचं दार दुपारच्या गाडीनं आलं, आणि ते दुसऱ्याच कुणाच्या कपाटाचं निघालं. ही म्हणाली, "लावून टाका. निदान कुणाचं तरी आहे." गेल्या दोन वर्षांतला हा हिचा पहिला विनोद. मी हसलो तर पुन्हा गप्प होईल, म्हणून गंभीर चेहऱ्यानं दार लावलं. ते पुरतं मिटत नाही.

पाळकाचं घर उपासनामंदिराच्या मागेच आहे. दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. मंडळीचा कारभार पाहणाऱ्या वडीलमंडळाच्या वतीनं घड्याळजी भेटायला आले. कोपऱ्यावर त्यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान आहे. नमस्काराच्या आधी त्यांनी माझ्या मनगटाकडे पाहिलं आणि म्हणाले, "मागे पडतंय तुमचं, पाळकसाहेब." मी म्हटलं, घड्याळ पडत असेल, मी नाही. ते हसले नाहीत.

रोज लिहायचं ठरवलंय. नवा पाळक नव्या ठिकाणी काय काय सुधारतो, याची कुठेतरी नोंद राहिली पाहिजे.

शुक्रवार, १० जानेवारी

रोज लिहायचं बारगळलं. सुधारण्यासारखं मात्र पहिल्याच आठवड्यात सापडलं.

इथल्या जुन्या ग्रंथात शास्त्राची सगळी पुस्तकं संपली की एक कोरं पान आहे, आणि त्या पानामागे आणखी बरंच काही छापलेलं आहे. प्रमाण शास्त्राच्या यादीत कधीच नसलेल्या गोष्टी. बागेतून बाहेर काढल्यावर पहिल्या संध्याकाळी स्वयंपाक कुणी केला, निरोप घेऊन निघालेला देवदूत रस्ता कसा चुकला, महापुराच्या नौकेवर नौका बांधणाऱ्याची बायको दिवसभर काय करत होती. कुणी लिहिलं, कधी लिहिलं, पत्ता नाही. लोक त्यांना 'मागची पानं' म्हणतात.

गंमत म्हणजे त्याला रीतही आहे. शास्त्र वाचलं जातं तेव्हा सगळे उभे राहतात. मागची पानं वाचली जातात तेव्हा सगळ्यांनी बसायचं. आजारी असो की धडधाकट, बसायचंच. म्हाताऱ्यांच्या तर ते अंगवळणी पडलेलं आहे.

सगळ्या उपासनामंदिरांवर देखरेख करणाऱ्या मुख्य मंडळानं आता नवा ग्रंथ पाठवलाय. सुबक छपाई, मागची पानं नाहीत. तो मी मंदिरात व्यासपीठावर ठेवला. जुना ग्रंथ शिंपीणकाकूंकडे गेलाय. त्यांच्या दुकानाच्या माडीवर कापड बेतायचं लांब टेबल आहे, तिथे दर गुरुवारी दुपारी बायका जमतात आणि हे वाचन चालतं. मुख्य मंडळानं सोबत लिहिलंय, 'यादीबाहेरचं वाचन मंडळीत चालू असल्यास योग्य तो निर्णय घ्यावा.' योग्य निर्णय उघडच आहे. मार्चमध्ये वार्षिक सभा आहे, तिथे ठराव मांडीन.

गुरुवार, १६ जानेवारी

ही शिवण शिकायला जाऊ लागली. शिंपीणकाकूंकडेच, आणि नेमकी गुरुवारीच दुपारी. मी त्या वेळी रुग्णालयाच्या फेरीवर असतो, म्हणून तिला तीच वेळ सोयीची. बरं झालं. कुठेतरी मन रमलं पाहिजे.

मागच्या गावी आमचं बाळ जन्मलं त्याच दिवशी गेलं. त्यानंतर मी हिला शास्त्रातली त्या प्रसंगाची सगळी वचनं वाचून दाखवली होती. निवड उत्तम होती, आजही म्हणेन. तिनं शेवटपर्यंत ऐकून घेतली. मग गाणं म्हणायची थांबली. त्यावर आम्ही बोलत नाही. बोलण्यासारखं मी सगळं वाचून दाखवलेलंच आहे.

सोमवार, २७ जानेवारी

कोटाचं अस्तर उसवलं होतं, त्या निमित्तानं शिंपीणकाकूंना भेटून आलो. विषय मीच काढला.

म्हटलं, "काकू, ही मागची पानं कुणी लिहिली, काही माहीत आहे का?"

तोंडातली टाचणी काढून त्या म्हणाल्या, "बाईनंच लिहिली असणार. नौकावाल्याला इतकं आतून दुसरं कोण ओळखणार?"

"हा काही पुरावा नाही."

"मग लग्नाला किती वर्षं झाली तुमच्या?"

मी विषय मूळ पदावर आणला. म्हटलं, शास्त्र कोणतं आणि शास्त्राबाहेरचं कोणतं हे पूर्वीच्या विद्वानांनी पुष्कळ वाद घालून ठरवलंय. ज्या लिखाणाचा उगम माहीत नाही त्याला देवाच्या शब्दाशेजारी बसवता येत नाही.

"शेजारी कुठे? मधे कोरं पान आहे की," काकू म्हणाल्या. "पुढची पानं देवाची, तिथे उभं राहायचं. मागची आपली, तिथे बसायचं. आणि खरं सांगू, पाय दुखतात हो."

बाईंशी वाद घालणं म्हणजे दोरा नसलेल्या सुईनं शिवणं. अस्तर मात्र झकास लावलं. काकू ते शिवत असताना बाजूच्या खोलीतून हसण्याचा आवाज येत होता. आमच्या हिच्या हसण्यासारखा वाटला, पण आज सोमवार. ती घरी असणार.

मंगळवार, ४ फेब्रुवारी

मंदिराच्या टाकीचा नळ फुटला. घड्याळजी तो बंद करायला वर चढले आणि नखशिखान्त भिजून आमच्या दारात उभे राहिले. मी विचारायला लागलो, कोणता नळ, वरचा की खालचा, प्लंबरला निरोप धाडला का. इतक्यात ही आतून टॉवेल घेऊन आली आणि मला म्हणाली, "आधी अंग पुसायला दे, मग नाव विचार. लिहिलंय ना तसं?"

मला ते वचन अजिबात आठवेना. पण पाळकाच्या घरात, वडीलमंडळाच्या माणसासमोर, पाळकाच्या बायकोला आठवतं आणि पाळकाला नाही, हे कसं दिसेल? मी म्हटलं, "लिहिलंय तर!" आणि मान डोलावली. टॉवेलच्या आत घड्याळजींचे खांदे हलत होते. थंडी वाजली असावी, बिचाऱ्यांना.

वचन मात्र सुरेख आहे. रविवारच्या उपदेशात घ्यायचं ठरवलं.

रविवार, ९ फेब्रुवारी

आज जे झालं त्याचा मला अजून उलगडा होत नाही.

उपदेश आगतस्वागतावर होता. आवाजही छान लागला होता. शेवटी शास्त्रवचनासाठी सगळी मंडळी उभी राहिली. मी ग्रंथावर हात ठेवला आणि भरल्या आवाजात म्हणालो, "कारण शास्त्रात लिहिलंच आहे, आधी अंग पुसायला दे, मग नाव विचार!"

आणि अर्धी मंडळी धाडकन खाली बसली.

बाकं करकरली. डावी बाजू जवळजवळ पूर्ण बसली, शिंपीणकाकू सगळ्यांत आधी. उरलेले इकडे तिकडे बघायला लागले आणि त्यांतलेही काही बसले. घड्याळजी तर धड उभे नाहीत आणि धड बसलेले नाहीत, असे गुडघे वाकवून अधांतरी थांबले होते. पहिल्या बाकावर आमची हीसुद्धा बसली. चेहरा लालबुंद, ओठ घट्ट मिटलेले. तिला घेरी आली असावी असं वाटून मी आशीर्वाद दोन वाक्यांत उरकला.

दारात घड्याळजींना विचारलं, "हा काय प्रकार?"

ते म्हणाले, "बाकं नवी आहेत ना. लोकांनी बसून पाहिलं."

घरी हिला विचारलं, बरं वाटतंय का. ती उशीत तोंड खुपसून रडत होती, पाठ नुसती हलत होती. मी पाणी नेऊन दिलं. उशीतून म्हणाली, "जा हो तुम्ही, जा बाहेर!" आवाज रडक्यासारखा नव्हता, पण स्त्रियांचं मला काय कळतंय.

बुधवार, १२ फेब्रुवारी

मुख्य मंडळाला उपदेशाचा सारांश पाठवायचाय, त्यात वचनाचा संदर्भ द्यावा लागतो. सोमवारपासून शोधतोय. नियमशास्त्र झालं, भविष्यवाद्यांची पुस्तकं झाली, पत्रं झाली. शब्दसूचीत 'अंग पुसणे' नाही. 'पाय धुणे' आहे. हिला विचारावं तर रविवारी मीच 'लिहिलंय तर' म्हणून बसलोय.

शोधता शोधता यादी कशी ठरली त्याचा इतिहासही पुन्हा वाचला. आपण ही यादी आकाशातून पडली असं धरून चालतो. प्रत्यक्षात ती माणसांनीच ठरवली. वर्षानुवर्षं वाद झाले, आज आत घेतलेलं पुस्तक उद्या बाहेर, परवा पुन्हा आत. जी बाहेर राहिली त्यांतली सगळीच खोटी ठरून बाहेर गेली नाहीत. काही नुसती घरगुती वाटली म्हणून राहिली. हे सभेत बोलायचं नाही. लोक गोंधळतील. मी स्वतः थोडा गोंधळलोय.

गुरुवार, २० फेब्रुवारी

ही गुणगुणते! आज भांडी लावताना चक्क दोन ओळी म्हणाली. या गावची हवा मानवली. पाणीही चांगलं असावं.

शिवणाची प्रगती मात्र यथातथाच. एवढ्या गुरुवारांत एक रुमाल, आणि त्याच्याही तीनच बाजू दुमडून झाल्यात. मी म्हटलं, "अगं, काकू शिकवतात तरी काय?" ती म्हणाली, "घाई नाही त्यांना." मग सहज विचारलं, "तिथे बायका ते वाचन करतात म्हणे. तुझ्या कानावर येत असेल?"

"येतं की."

"आणि?"

"आणि काय? मी रुमाल शिवते."

हिच्याकडून माहिती काढणं कठीण आहे.

रविवार, २३ फेब्रुवारी

उपासनेनंतर ठरावाची सूचना वाचून दाखवली. 'यादीबाहेरच्या लिखाणाचं गुरुवारचं वाचन बंद करून जुना ग्रंथ मुख्य मंडळाच्या संग्रहाकडे सोपवावा.' इतकी शांतता होती की घड्याळजींच्या खिशातलं घड्याळ ऐकू आलं. विरोध झाला नाही याचं समाधान वाटायला हवं.

बुधवार, २६ फेब्रुवारी

हिचं गुणगुणणं थांबलं. रविवारपासून. वारा बदललाय, त्यानं असेल.

वाढताना आज माझ्या ताटाकडे न बघता म्हणाली, "तो ग्रंथ खरंच पाठवणार?" मी म्हटलं, माझा त्यात काही स्वार्थ नाही, तत्त्वाचा प्रश्न आहे. ती म्हणाली, "हो. तत्त्वाचाच असतो." आणि उठून गेली. पुरतं जेवलीही नाही. कपाटाचं ते दार उगाचच मिटायचा प्रयत्न करत बराच वेळ उभी होती.

माझं काय चुकतंय ते कळत नाही. चुकतंय एवढं कळतं. ही पुन्हा मागच्या गावच्यासारखी झाली तर? त्या घरात दोघं असूनही आवाज नसायचा. मला भीती वाटते. ती मी कुणाला सांगू शकत नाही, म्हणून इथे लिहितो.

गुरुवार, ६ मार्च

आज रुग्णालयाची फेरी लवकर आटोपली. म्हटलं, ज्या गोष्टीवर बंदी घालायची ती एकदा कानांनी ऐकावी, नाहीतर सभेत कुणी विचारलं तर पंचाईत. शिंपीणकाकूंच्या दुकानाचा जिना चढलो. दार लोटलेलं होतं. आत कुणीतरी वाचत होतं. आवाज स्वच्छ होता, न अडखळणारा, विरामाच्या जागी थांबणारा. मनात आलं, किती सुंदर वाचतंय, अगदी मी वाचतो तसं.

मग आवाज ओळखला.

तिथेच पायरीवर थांबलो आणि ऐकलं. नंतर निघण्याआधी हिच्याकडून तो भाग मुद्दाम उतरवून घेतला, तो असा:

'आणि नौका बांधणारा आत फिरून जागा मोजू लागला, तेव्हा त्याला कोपऱ्यात एक लहान अंथरूण रिकामं दिसलं. तो बायकोला म्हणाला, जागा अपुरी आहे, हे कुणाचं? ती म्हणाली, जो यायचा होता आणि आला नाही, त्याचं. तो म्हणाला, मला आज्ञा आहे ती येणाऱ्यांची, न येणाऱ्यांची नाही. ती म्हणाली, मग तू तुझं मोजत राहा, मी विचारून येते. आणि तिनं देवाला हाक मारली, की मी हे अंथरूण काढू का? आणि देव म्हणाला, राहू दे. नौकेची लांबी सांगितली तेव्हा मी ते धरूनच सांगितली होती.'

दार कसं उघडलं कळलं नाही, बहुतेक मीच टेकलो असेन. सगळ्यांनी वळून पाहिलं. टेबलाच्या टोकाशी आमची ही, पुढ्यात जुना ग्रंथ, मांडीवर तो तीन बाजूंचा रुमाल. तिचा चेहरा पांढरा पडला.

शिंपीणकाकू म्हणाल्या, "पाळकसाहेब, उभे काय? हे बसून ऐकायचं असतं."

मी मुकाट्यानं जवळच्या कापडाच्या गठ्ठ्यावर बसलो. गठ्ठ्यात टाचण्या होत्या. मी असा ओरडलो की खाली रस्त्यावर ऐकू गेलं म्हणतात. पहिल्यांदा ही हसली. मग सगळ्या हसल्या, टेबल थोपटून थोपटून. हसता हसता हिच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, आणि ते थांबेना, आणि काकूंनी तिच्या पाठीवर हात ठेवला तो तसाच राहू दिला. मीही रडत होतो. टाचण्यांमुळे रडतोय असं सगळ्यांनी समजून घेतलं. चांगल्या बायका आहेत.

मग मी विचारलं, "ते 'आधी अंग पुसायला दे' कुठे आहे?"

हिनं पान उलटलं आणि बोट ठेवलं. नौकावालीनंच म्हटलेलं आहे. पूर ओसरू लागल्यावर फळीला धरून कुणी अनोळखी माणूस वाहत आला, तेव्हा नवऱ्याला.

तर माझ्या उपदेशाला अर्धी मंडळी बसली, ती रीतीप्रमाणेच बसली. सगळं कळत असूनही महिनाभर मला एका शब्दानं कुणी बोललं नाही. मंदिरात उभ्या मंडळीला मागच्या पानातलं वचन शास्त्र म्हणून ऐकवणारा बहुधा मी पहिलाच पाळक असेन.

घरी आम्ही चालत आलो. वाटेत तिनं तो रुमाल घडी करून ठेवला. मग म्हणाली, "तुम्ही तेव्हा वाचलेली वचनं खरी होती हो. एकही खोटं नव्हतं. पण ती उभं राहून ऐकायची असतात. माझ्यात उभं राहायची ताकद नव्हती."

मी काहीच वाचून दाखवलं नाही. तिचा हात धरला. भर रस्त्यात, पाळकाच्या पांढऱ्या गळपट्ट्यासकट.

रविवार, १६ मार्च

वार्षिक सभा झाली. ठराव मीच मागे घेतला.

घड्याळजींनी विचारलं, "मुख्य मंडळाला काय कळवणार?"

मी मसुदा वाचून दाखवला. 'मागची पानं प्रमाण शास्त्र आहेत, असं इथे कुणीही म्हणत नाही, आणि मीही म्हणणार नाही. शास्त्र ऐकून घरी गेल्यावर लोक आपसांत जे बोलतात, ते कुणीतरी लिहून ठेवलंय. ते बोलणं बंद केलं तर शास्त्र मंदिरातच राहील, घरी येणार नाही. म्हणून नवा ग्रंथ व्यासपीठावर राहील, जुना शिंपीणकाकूंच्या टेबलावर राहील आणि गुरुवारचं वाचन चालू राहील. ९ फेब्रुवारीच्या उपदेशातलं वचन शास्त्रातलं नाही. चूक माझी. वचन चांगलं आहे.'

"बदली करतील तुमची," घड्याळजी म्हणाले.

"करतील कदाचित."

त्यांनी खिशातलं घड्याळ काढून पाहिलं. मग म्हणाले, "करायला वेळ लागतो त्यांना. त्यांच्या कार्यालयातलं घड्याळ मीच दुरुस्त करतो." आणि हा माणूस पहिल्यांदाच हसला. त्या मसुद्यावर हात वर करून मतदान घेतलं तर सगळे हात वर. शिंपीणकाकूंनी दोन केले, त्यातला एक मोजला नाही.

भीती वाटते आहे. पण ही आतल्या खोलीत गातेय, मोठ्यानं, आणि तिसऱ्या कडव्यात सूर चुकवतेय. चुकवू दे.

सोमवार, १७ मार्च

आज सुट्टी. सकाळी चहा घेताना मी तिला विचारलं. दोन वर्षं जे विचारलं नव्हतं तेच. म्हटलं, "तू काय नाव ठरवलं होतंस?"

तिनं कप खाली ठेवला. मग सांगितलं.

मी म्हटलं, "ते? छे! मी तर दुसरंच धरून चाललो होतो." आणि माझं सांगितलं.

ती म्हणाली, "हे असलं? शाळेत मुलांनी चिडवून चिडवून हैराण केलं असतं!" मी म्हटलं, तुझ्या नावापेक्षा बरं आहे, तुझं म्हणजे एखाद्या हिशेबनीसाचं वाटतं. ती म्हणाली, "माझ्या आजोबांचं नाव आहे ते!" मी म्हटलं, "म्हणूनच!" ती म्हणाली, तुमच्या घराण्यात कुणाला कानच नाही. चहा निवला. शेजारच्यांनी खिडकी लावून घेतली. चांगला तासभर आम्ही भांडलो, घराघरांतले आईबाप भांडतात तसे.

दोन्ही नावं इथे लिहीत नाही. ती घरातली आहेत.

शेवटी तिचंच ठरलं.